स्कॅन स्वच्छ आला, मग रेडिएशन कशाला?

कॅन्सरमुळे प्रोस्टेटची ग्रंथी ऑपरेशन करून काढली, दोन-तीन वर्षं चांगली गेली, आणि मग रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रथिन) पुन्हा वर सरकायला लागला. डॉक्टर म्हणतात रेडिएशन घ्या. पेट स्कॅनमध्ये तर काहीच दिसत नाही. मग जिथे काही नाही तिथे शेक कशासाठी घ्यायचा? समुपदेशनात हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या एका कुटुंबाच्या निमित्ताने तो सविस्तर मांडत आहोत. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय बाजू तशीच ठेवली आहे.

काका सदुसष्ट वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले. मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात. तीन वर्षांपूर्वी रोबोटच्या साहाय्याने ऑपरेशन झालं. त्या वेळचा तपासणी अहवाल त्यांनी जपून ठेवला होता, आणि पुढचं सगळं बोलणं त्या कागदामुळेच नेमकं होऊ शकलं. ग्लीसन (पेशी किती आक्रमक दिसतात याचे गुण) ४+३, म्हणजे बेरीज ७, गाठ ग्रंथीच्या आवरणाबाहेर थोडी गेलेली, कापलेल्या कडेवर एका ठिकाणी कॅन्सरच्या पेशी, लसिका गाठी (लिम्फ नोड) स्वच्छ. ऑपरेशननंतर पीएसए जवळजवळ शून्य. मग ऑक्टोबरमध्ये ०.१२, एप्रिलमध्ये ०.२०, जुलैमध्ये ०.२६.

मुलाला यात काळजीचं काही वाटत नव्हतं, कारण लॅबच्या रिपोर्टवर आकड्याशेजारी ‘० ते ४’ छापलेलं होतं. इथे फार जण फसतात. ती मर्यादा ग्रंथी शाबूत असलेल्या पुरुषांसाठी आहे. पीएसए बनवतात ते जवळपास फक्त प्रोस्टेटच्या पेशी. ग्रंथीच काढल्यावर सहा-आठ आठवड्यांत तो ०.१ च्या खाली जायला हवा. पुढे तो ०.२ किंवा त्याहून वर गेला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच राहिला, तर आजार परतला असं धरतात. आकडा लहान दिसतो म्हणून त्याचा अर्थ लहान होत नाही.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “जे काढूनच टाकलंय, त्याचा आजार परत येतो कसा?” ऑपरेशनच्या आधीच काही पेशी कडेबाहेर गेलेल्या असू शकतात. त्या ग्रंथीच्या जुन्या जागेत राहतात, क्वचित लसिका गाठींत किंवा हाडांत पोचतात, आणि मोजता येण्याइतक्या वाढायला त्यांना वर्षं लागतात. ऑपरेशन चुकलं असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्या मनातला दुसरा सल याहून खोल होता: तेव्हाच लगेच रेडिएशन दिलं असतं तर? २०२० मध्ये तीन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. ऑपरेशननंतर सरसकट लगेच रेडिएशन देणं आणि पीएसएवर लक्ष ठेवून तो वाढायला लागताच देणं, यांत आजार रोखण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. उलट वाट पाहिलेल्या गटातल्या अनेकांना रेडिएशन लागलंच नाही. फारच आक्रमक अहवाल असलेल्या मोजक्या रुग्णांसाठी डॉक्टर आजही लगेचचा विचार करतात. पण काकांनी तीन वर्षं वाया घालवली नव्हती. हे ऐकल्यावर काकूंनी पहिल्यांदा पाणी घेतलं.

आता स्कॅन. गॅलियमचा पीएसएमए पेट, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन उजळवून दाखवणारा पेट स्कॅन, हा आजच्या घडीला अशा आजारासाठी सर्वात बारीक नजरेचा स्कॅन. तरी चार-पाच मिलिमीटरहून लहान पुंजका त्यालाही बहुधा दिसत नाही. पीएसए ०.२ ते ०.५ असताना निम्म्याहून कमी रुग्णांत त्याला काही सापडतं; पीएसए २ च्या वर गेल्यावर मात्र बहुतेकांत सापडतं. म्हणजे काकांचा स्कॅन स्वच्छ येणं अपेक्षितच होतं. यावर काका स्वतःच म्हणाले, “मीटर फिरतोय म्हणजे कुठेतरी वापर चालू आहे, दिवा दिसत नसला तरी.” अगदी तसंच.

मग स्कॅन करायचाच कशाला? आजार हाडांत किंवा दूर कुठे गेलेला नाही ना, हे पाहायला. तसं दिसलं तर बेत बदलतो: ओटीपोटाच्या लसिका गाठी उजळल्या तर रेडिएशनचं क्षेत्र वाढवतात, हाडांत स्पष्ट ठिपके दिसले तर औषधोपचार पुढे येतो. बरगडीवरच्या एखाद्या फिकट ठिपक्याने मात्र घाबरू नये. तिथे हा स्कॅन पुष्कळदा खोटी खूण दाखवतो. आणि हार्मोनचं इंजेक्शन (टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी हार्मोन खाली आणणारं) सुरू करायचं असेल तर ते शक्यतो स्कॅन झाल्यावरच. आधी घेतलं की पीएसए धाडकन खाली येतो, स्कॅनवरच्या खुणा पुसट होऊ शकतात, आणि घरच्यांना वाटतं आजार गेला. नुसत्या इंजेक्शनने या टप्प्यावरचा आजार बरा होत नाही, तो दबतो. बरं करण्याची संधी रेडिएशनमध्ये आहे.

ती संधी पीएसए कमी असतानाच सर्वात चांगली असते. ०.५ च्या आत सुरू करावं, जमल्यास ०.२५ च्या आसपासच, असं तज्ज्ञ सांगतात. स्कॅनवर काहीतरी दिसू दे, मग बघू, असं ठरवणं म्हणजे आजाराला वाढायला वेळ देणं. काकांच्या बाबतीत कडेवर पेशी सापडलेल्या होत्या; आजार जुन्या जागेतच असण्याची शक्यता त्यामुळे वाढते, आणि रेडिएशन नेमकं त्याच जागेवर देतात.

प्रत्येकाला हीच घाई नसते. निर्णय आकड्यापेक्षा त्याच्या वेगावर ठरतो. पीएसए किती महिन्यांत दुप्पट होतो, हे डॉक्टर किमान तीन तपासण्यांवरून काढतात. काकांचा साधारण आठ महिन्यांत दुप्पट होत होता. दुप्पट व्हायला एक वर्ष किंवा त्याहून कमी लागत असेल, किंवा ग्लीसनची बेरीज ८ ते १० असेल, तर युरोपीय मार्गदर्शक सूचना धोका जास्त धरतात. याउलट अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बायपास झालेले, पीएसए दुप्पट व्हायला दोन-दोन वर्षं लागणारे एक आजोबा आहेत. त्यांनी डॉक्टरांशी बोलून सहा महिन्यांनी तपासणी एवढंच ठरवलं, आणि तो उपचाराइतकाच विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. जॉन्स हॉपकिन्समधल्या १९९९ च्या अभ्यासात पीएसए वाढल्यावर उपचार न घेतलेल्या पुरुषांत आजार दूर पसरलेला दिसायला मध्यकानुसार आठ वर्षं लागली होती. कुणासाठी ही वर्षं पुरेशी असतात, सदुसष्टीच्या ठणठणीत माणसासाठी नसतात.

वेग मोजायचा तर आकडे एकाच लॅबचे हवेत. काकांचा एक रिपोर्ट घरी रक्त घेऊन जाणाऱ्या हेल्थ पॅकेजचा होता. तो आम्ही हिशेबात धरू नका म्हटलं. वेगवेगळ्या यंत्रांवर ०.१५ आणि ०.२२ हा फरक नुसता यंत्राचा असू शकतो. केसांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. काही यंत्रांवर त्याने पीएसए खोटाच कमी दिसतो.

हार्मोनचं इंजेक्शन रेडिएशनला जोडायचं का, हा काकांचा खरा पेच होता. फ्रान्समध्ये ७४३ पुरुषांवर झालेल्या चाचणीत नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी ६२ टक्के पाच वर्षांनी आजार न वाढता राहिले. सहा महिन्यांची इंजेक्शनं जोडलेल्यांत ८० टक्के. आयुष्य वाढल्याचं मात्र त्या चाचणीत सिद्ध झालं नाही. दोन वर्षं गोळ्या दिलेल्या एका अमेरिकी चाचणीत आयुष्य वाढलं, पण तो फायदा सुरुवातीलाच पीएसए जास्त असलेल्यांत होता, ०.७ च्या खालच्यांत नव्हता. म्हणून काकांच्या बाबतीत दोन वर्षांचा प्रश्न नव्हता. सहा महिने घ्यायचे की अजिबात नाही, एवढंच ठरवायचं होतं. किंमत काय, तेही स्पष्ट बोललो: अंगातून गरम वाफा, घाम, थकवा, वजन आणि साखर वाढणं, हाडं विरळ होणं, शारीरिक इच्छा जवळपास नाहीशी होणं, लहानशा गोष्टीने डोळे भरून येणं. शेवटच्या दोन गोष्टी काकूंसमोर बोलल्या जायला हव्यातच, नाहीतर त्या घरात रुसवा म्हणून वाचल्या जातात. सुरू करण्याआधी तीन महिन्यांची सरासरी साखर, ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी, हृदयविकार असेल तर त्या डॉक्टरांना कळवावं, आणि चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचे व्यायाम करावेत. पहिल्या इंजेक्शनाच्या आगेमागे काही आठवडे बायकालुटामाइडच्या गोळ्या बहुधा देतात, त्या मध्येच बंद करू नयेत.

एन्झालुटामाइड या महागड्या गोळीबद्दल मुलाने मोबाइलवर वाचलं होतं. २०२३ साली तिचे निष्कर्ष आले ते पीएसए फार वेगाने दुप्पट होणाऱ्या, ऑपरेशननंतर तो १ किंवा वर गेलेल्या, आणि रेडिएशन होऊन गेलेल्या किंवा त्याला योग्य नसलेल्या पुरुषांसाठी. काकांना ती आत्ता लागू नाही.

तळजाईवर फिरायला येणाऱ्या एका परिचिताने सांगितलं होतं, शेक घेतला की लघवीतून रक्त पडतं. पडू शकतं, पण सहसा लगेच नाही आणि सगळ्यांना नाही. उपचार चालू असताना लघवीला वारंवार जावं लागणं, जळजळ, शौच सैल होणं हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिसतं आणि संपल्यावर काही आठवड्यांत बरंच ओसरतं. लघवीतून किंवा शौचातून रक्त पडण्याचा त्रास महिन्या-वर्षांनी उद्भवतो. तेव्हा पोटाच्या डॉक्टरांना आधीच सांगायचं की ओटीपोटावर रेडिएशन झालं आहे. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा विनाकारण तपासायला घेतला तर ती जखम भरायला फार अवघड जाऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगायची. डोक्याचे केस जात नाहीत, आणि बाहेरून दिलेल्या रेडिएशनने माणूस किरणोत्सारी होत नाही; नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही.

लघवीवरचा ताबा ऑपरेशननंतर जितका परत यायचा तितका आल्यावरच रेडिएशन सुरू करणं बरं. काका दिवसाला एक पॅड वापरत होते आणि वर्षभर त्यात बदल नव्हता, म्हणजे आणखी थांबून काही मिळणार नव्हतं. ओटीपोटाच्या तळाच्या, लघवी रोखणाऱ्या स्नायूंचे व्यायाम त्यांनी उपचारातही चालू ठेवायचे होते.

जुन्या जागेला बहुधा ६४ ते ७० ग्रे (रेडिएशन मोजण्याचं एकक) एवढी मात्रा देतात. काकांना ६६ ग्रे ठरली, ३३ दिवसांत विभागून, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे साडेसहा-सात आठवडे. रोज टेबलावर दहा-पंधरा मिनिटं, दुखत काहीच नाही. त्रास होतो तो तयारीचा. मूत्राशय भरलेलं आणि गुदाशय रिकामं हवं, आणि रोज सारखंच हवं, कारण आखणीच्या सीटी स्कॅनच्या दिवशी जसं होतं त्यावरच किरण बेतलेले असतात. सिंहगड रस्त्याच्या वाहतुकीत घरून पाणी पिऊन निघालात तर पोचेपर्यंत धीर सुटतो. लघवी करून, हॉस्पिटलात पोचल्यावर, युनिटने सांगितलेलं तेवढंच पाणी मोजून प्या आणि सांगितलेली वेळ थांबा. ताबा कमी असेल तर ‘जास्तीत जास्त भरा’ असं स्वतःहून करू नका; आखणीच्या दिवशीच तंत्रज्ञांना सांगा, ते झेपेल एवढीच पातळी ठरवतात. मटकीची उसळ, राजमा, कोबी त्या आठवड्यांत कमी करा. गॅसने गुदाशय फुगला तर टेबलावरून उठवून परत पाठवतात. तसं झालं तर दिवस वाया गेला असं समजून चिडू नका, ते तुमच्या गुदाशयाच्या रक्षणासाठीच असतं.

हॉस्पिटल निवडताना रोज जाता येईल हे पाहा. दुसरं मत टाटा मेमोरियलमध्ये परळला जाऊन घेता येतं, पण सात आठवडे रोजचं रेडिएशन पुण्यातच घेणं बहुतेकांना सोपं जातं. दुसऱ्या मतासाठी ऑपरेशनचा अहवाल, त्या वेळच्या काचपट्ट्या आणि ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे), पीएसएचे सगळे आकडे तारखांसह आणि स्कॅनची सीडी लागते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर शिधापत्रिका घेऊन आधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या तिथल्या मदतनीसाला) भेटा. मंजुरी उपचाराआधी लागते, आणि स्कॅन त्यात बसतो का हेही तिथेच विचारा.

काकांनी रेडिएशन आणि सहा महिन्यांची इंजेक्शनं असं ठरवलं. उपचारानंतरचा पीएसए वाचताना एक गोष्ट त्यांना वहीत लिहून दिली. इंजेक्शनाचा असर असेपर्यंत आकडा शून्याजवळ येणारच, त्यावरून रेडिएशन लागू पडलं का ते कळत नाही. शेवटच्या इंजेक्शनानंतरही तो असर काही महिने टिकतो, वय जास्त असेल तर आणखी. म्हणून पुढच्या तपासण्यांत पीएसएसोबत टेस्टोस्टेरॉनही मोजून घ्यायचं. ते नेहमीच्या पातळीला आल्यावर पीएसए खालीच राहिला, तर तो आकडा खरा.