१२ व्होल्टच्या सोलर बॅटरीवर १ वॅटचे २४ एलईडी लावायचे आहेत. ड्रायव्हर कोणता घेऊ?

भाऊ, तुम्ही दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. रावेरजवळ केळीचे पॅकिंग शेड आहे, रात्री गाडी भरायच्या वेळी वीज नसते, ४० एएचची (अँपिअर-तासांची) लेड-अ‍ॅसिड बॅटरी सोलरवर चार्ज होते आणि अ‍ॅल्युमिनियमच्या स्टारवर (उष्णता पसरवणाऱ्या चकतीवर) बसवलेले १ वॅटचे २४ पांढरे एलईडी तुमच्याकडे आहेत. दुकानदाराने तीन पर्याय सांगितले: रेझिस्टर लावा, बूस्ट (व्होल्टेज चढवणारे) मॉड्यूल घ्या, नाहीतर २३० व्होल्टचा ड्रायव्हर इन्व्हर्टरवर चालवा. मी यातला एकही सुचवणार नाही. तीन-तीन एलईडीच्या आठ माळा करा आणि प्रत्येक माळेला ३०० मिलीअँपिअरचा स्वतंत्र बक ड्रायव्हर, म्हणजे व्होल्टेज उतरवून करंट ठरलेला ठेवणारे सर्किट, लावा.

ड्रायव्हर निवडण्याआधी बॅटरीकडे बघावे लागते. १२ व्होल्टची म्हणतो ती बॅटरी पहाटे उतरली की ११ वर येते आणि दुपारी चार्ज होताना १४.४ वर जाते. पांढरा एलईडी ३०० मिलीअँपिअरला साधारण ३.१ व्होल्ट घेतो. पुष्कळ जण ४ गुणिले ३ म्हणजे १२ असा हिशेब करून माळेत चार एलईडी घालतात. त्याला लागतात १२.४ व्होल्ट, म्हणजे बॅटरी कधी त्याच्या वर, कधी खाली. मग ना बक चालतो ना बूस्ट, दोन्ही करणारे महागडे सर्किट शोधावे लागते. तीन एलईडीला ९.३ व्होल्ट लागतात. बॅटरी कितीही उतरली तरी त्याच्या वरच असते, त्यामुळे साधा बक पुरतो. माळ नीट पाडली की ड्रायव्हरचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

आता रेझिस्टर का नको? १२ व्होल्ट धरून काढला तर उरलेल्या २.७ व्होल्टसाठी ९ ओहम येतो. बॅटरी १४.४ वर गेली की त्याच माळेतून अर्ध्या अँपिअरच्या पुढे करंट जातो आणि ११ वर आली की जेमतेम २०० मिलीअँपिअर. एलईडी तापला की त्याचा व्होल्टेज उतरतो, मग करंट आणखी वाढतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त भाजते, तिथे हा प्रकार टिकत नाही. एलईडीला ठरलेला करंट हवा असतो, व्होल्टेज नव्हे. तुमच्या केळीच्या बागेतला पीसी ड्रिपर जसा नळीतला दाब बदलला तरी पाणी तेवढेच सोडतो, तसे काम ड्रायव्हरने करायचे आहे.

एलएम३१७ हा साधा रेग्युलेटर चिप ४.२ ओहमच्या रेझिस्टरने ३०० मिलीअँपिअर धरून ठेवतो हे खरे, पण त्याला स्वतःसाठी जवळपास ३ व्होल्ट लागतात. ९.३ अधिक ३ म्हणजे १२.३. बॅटरी त्याखाली गेली की उजेड उतरू लागतो, आणि तुम्हाला उजेड नेमका तेव्हाच हवा असतो.

बूस्टवर बारा-बारा एलईडीच्या दोन माळा चालतील, ३७ व्होल्टवर. पण माळेत एक जोड सुटला आणि मॉड्यूलला ओव्हरव्होल्टेजची सोय नसली, तर आउटपुट चढत जाऊन कपॅसिटर फुटतो. शिवाय एका ड्रायव्हरवर दोन माळा समांतर असतील तर एक बंद पडताच तिचा सगळा करंट दुसरीत जातो. इन्व्हर्टर तर काही न जोडता चालू ठेवला तरी वॅट खातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे केळी धुण्याच्या टाकीभोवती ओली जमीन, त्यात अनवाणी माणसे. तिथे २३० व्होल्टच्या वायरी फिरवूच नयेत.

म्हणून पीटी४११५ हा चिप बघा. तो ६ ते ३० व्होल्टवर चालतो आणि करंट एका छोट्या रेझिस्टरने ठरतो: ०.१ भागिले ओहम. ०.३३ ओहम असेल तर ३०० मिलीअँपिअर. तयार बोर्ड मिळतात. जळगावला गेलात तर गोलाणी मार्केटात विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा.

बोर्ड घेताना एक गोष्ट बघाच. यातले बरेचसे बोर्ड एसी-डीसी दोन्हींवर चालावेत म्हणून इनपुटला चार डायोडचा ब्रिज घेऊन येतात. तो ब्रिज १ ते १.४ व्होल्ट खातो. ११ मधून ते गेले की ९.६ उरतात आणि माळ मंद होते. बिनब्रिजचा बोर्ड मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला तर ब्रिज वगळून बॅटरीची वायर थेट इनपुट कपॅसिटरवर जोडा, पण मग उलट जोडणीपासूनचे संरक्षण जाते. तेव्हा वायरींचे रंग पक्के ठेवा.

दुसरी गोष्ट त्याहून जपायची. या सर्किटमध्ये एलईडीची मायनस वायर म्हणजे बॅटरीचा मायनस नव्हे. वायर वाचवायला आठही माळांच्या मायनस एकत्र बांधून बॅटरीला जोडल्या, तर ड्रायव्हर बाजूला पडतो आणि माळ थेट बॅटरीवर येते. प्रत्येक माळेच्या दोन्ही वायरी तिच्या स्वतःच्या बोर्डावरच गेल्या पाहिजेत.

जोडणी झाली की मल्टिमीटर मिलीव्होल्टवर ठेवून त्या ०.३३ ओहमच्या दोन टोकांवर लावा. १०० च्या आसपास आकडा आला तर करंट बरोबर आहे. बॅटरी भरलेली असताना आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा बघा.

एलईडीवर ३५० लिहिले असले तरी ३०० वरच चालवा. उजेडातला फरक डोळ्याला कळत नाही, उष्णता मात्र कमी होते. स्टार थर्मल पेस्ट लावून अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनेलवर स्क्रूने घट्ट बसवा. बोर्ड पत्र्याला चिकटवू नका, थोडा खाली टांगा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरभोवतीची उष्णता १० अंशांनी कमी झाली की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते.

एकूण लोड २५ वॅटच्या जवळ, म्हणजे सुमारे २ अँपिअर. सहा तासांत १२-१३ एएच जातील, तुमच्या बॅटरीला हे झेपेल. बॅटरीपासून शेड २० मीटरवर असेल तर १ स्क्वेअर एमएमच्या वायरीत जाता-येता जवळपास दीड व्होल्ट जातो, २.५ मध्ये अर्ध्या व्होल्टच्या थोडे वर. २.५ चीच ओढा. बॅटरीच्या टोकाशीच ५ अँपिअरचा फ्यूज टाका आणि दिवे चार्ज कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर घ्या, म्हणजे बॅटरी फार उतरली की ते आपोआप बंद होतील.

पुढे शेड वाढवून २४ व्होल्ट केलेत तर चार्जिंगला २८.८ येतात आणि पीटी४११५ ची मर्यादा ३० आहे. इतक्या काठावर तो चालवू नका. ४० व्होल्ट किंवा त्याहून जास्त झेपणारा बक ड्रायव्हर घ्या आणि माळेत सहा एलईडी ठेवा.