‘गाडी शिकवली तर तो आणखी धीट होईल ना?’

ठाण्यात समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे, वयात येणाऱ्या मुलांचे पालक मला हा प्रश्न हमखास विचारतात. घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका आईने तो विचारला, तेव्हा तिचा सतरा वर्षांचा मुलगा शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. त्याला आपण सोहम म्हणू. रात्री वडिलांची स्कूटर काढून तो दोन मित्रांसह ट्रिपल सीट आनंदनगरच्या सर्व्हिस रोडवर फिरला होता. वडिलांनी मुस्काटात दिली आणि चावी कपाटात कुलूपबंद केली. आता सोसायटीतले काही पालक रविवारी मुलांसाठी सुरक्षित वाहनचालनाचे वर्ग घेणार होते. तिथे पाठवायचं की नाही, यावरून घरात वाद.

आईची भीती अनाठायी नव्हती. घसरणारी गाडी कशी सावरायची, असली कसरतीची तंत्रं तेवढी शिकवली, तर मुलांना, विशेषतः मुलग्यांना, ‘आपल्याला येतं’ असं वाटायला लागतं आणि ती जास्त धोका पत्करतात. परदेशात हा अनुभव आलेला आहे. म्हणून मी तिला आधी विचारायला सांगितलं, की वर्गात नेमकं काय शिकवणार.

उत्तर ऐकून मला बरं वाटलं, कारण तिथे मुलांच्या हातात गाडी द्यायचीच नव्हती. पहिल्या रविवारी एका निवृत्त एसटी चालकाने सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या बसच्या चालकाच्या सीटवर एकेकाला बसवलं. बाकीची मुलं डाव्या पुढच्या चाकाला खेटून उभी राहिली. सोहम सांगत होता, “मॅडम, चार जण उभे होते. आरशात एकही नाही. मी सीटवरून उठून वाकलो, तेव्हा एकाची टोपी दिसली फक्त.” घोडबंदरला कंटेनरच्या डावीकडून स्कूटर घालायची सवय त्यानेच मला आधी अभिमानाने सांगितली होती. त्या दिवशी त्याविषयी तो काही बोलला नाही, मीही बोलले नाही.

कायद्याचं मात्र मी वडिलांना स्पष्ट सांगितलं. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी. घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर 110-125 सीसीच्या, त्यांना अठरा पूर्ण लागतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लर्निंग लायसन्स मिळत नाही. वडील चपापले ते शेवटच्या वाक्याला. (दंडाचा आकडा ऐकून फारसं कुणी हलत नाही, हे मी नेहमी बघते.)

पण खरी गाठ वेगळीच होती. सोहमला वेगाची हौस फारशी नव्हती. मित्रांना ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. या वयात मागे मित्र बसले की धोका वाढतो, म्हणून काही देशांत नवशिक्यांना मित्र बसवायला आणि रात्री चालवायला सुरुवातीला बंदी असते. आपल्याकडे ती घरानेच घालायची. आम्ही दोघांनी मिळून एक सबब घोकली: “बाबांना फोनवर माझं लोकेशन दिसतं, चावी जाईल यार.” तोंड वाचवणारं खोटं शिकवता का, असं आईने विचारलं. हो, शिकवते. घाबरट म्हणवून घेण्यापेक्षा बापाला खडूस ठरवणं पोराला सोपं जातं.

वडिलांकडून दोन गोष्टी मागितल्या. मुलगा मागे बसलेला असताना फोन कानाला लावायचा नाही, कारण ‘बाबा स्वतः तेच करतात’ असं सोहमने पहिल्याच भेटीत तोंडावर मारलं होतं. आणि रात्री कुठूनही ‘न्यायला या’ असा फोन आला, तर जायचं. त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. दुसरं त्यांना जड गेलं. “सकाळी विचारलं तर चालेल?” सकाळी चालेल.

सोहम आता अठरा पूर्ण झालाय, लर्निंग लायसन्स हातात आहे. तीस दिवसांनी पक्क्यासाठी अर्ज करता येतो. लर्निंग सहा महिने चालतं. वडील म्हणतात पावसाळा संपल्यावर बघू, सोहमला एकतिसाव्या दिवशीच टेस्ट द्यायचीय. पुढच्या गुरुवारी तिघेही त्यासाठीच येणार आहेत.