प्रबळ ऊर्जा अट आणि सुपरनोव्हांची साक्ष

प्रश्न : सापेक्षतावादात द्रव्यावर ‘ऊर्जा अटी’ घातल्या जातात, असे वाचले. विश्व कशाने भरले आहे हेच पुरते ठाऊक नसताना, सुपरनोव्हांच्या निरीक्षणांवरून या अटी कशा तपासतात?

उत्तर : द्रव्याचा तपशील ठाऊक नसतानाही बोलता यावे, यासाठीच तर या अटी आहेत, त्या केवळ घनता आणि दाब यांना मर्यादा घालतात. घनता आणि दाबाची तिप्पट यांची योग्य एककांतील बेरीज ऋण असू नये, ही त्यांपैकी ‘प्रबळ’ अटीची मुख्य मागणी आहे. हॉकिंग आणि पेनरोझ यांचा १९७० चा एकलतेविषयीचा (जिथे अवकाश-काळाचे वर्णनच खुंटते, अशा अवस्थेविषयीचा) सिद्धांत याच अटीवर उभा आहे. अमलकुमार रायचौधुरी यांच्या १९५५ च्या समीकरणानुसार, ही अट पाळणाऱ्या एकजिनसी विश्वाचे प्रसरण कधीही वेग घेऊ शकत नाही.

यातूनच मोजता येण्याजोगी मर्यादा मिळते, कारण प्रसरण मंदावत आलेले असेल, तर विशिष्ट ताम्रसृतीचा (म्हणजे ज्याचा प्रकाश प्रसरणामुळे तांबड्या रंगाकडे ठरावीक प्रमाणात सरकला आहे असा) तारा ठरावीक अंतरापलीकडे असू शकत नाही. सपाट (वक्रता नसलेले) विश्व आणि हबल स्थिरांक, म्हणजे प्रसरणाचा आजचा दर, ७० (किमी प्रतिसेकंद प्रति मेगापार्सेक) धरून ०.५ ताम्रसृतीसाठी गणित केले, तर दीप्तीवरून काढलेले अंतर सुमारे ८५० कोटी प्रकाशवर्षांच्या आतच यायला हवे. निरीक्षणांशी जुळणाऱ्या, विश्वाच्या आजच्या सर्वमान्य ‘प्रमाण प्रारूपात’ मात्र ते सुमारे ९२५ कोटी येते, म्हणजे आयए प्रकारचा सुपरनोव्हा (ज्याची मूळ दीप्ती जवळपास ठरलेली असते असा ताऱ्याचा स्फोट) या मर्यादेच्या मानाने जवळजवळ ०.२ प्रतीने (प्रत म्हणजे ताऱ्यांच्या तेजस्वितेचे माप) मंद दिसतो. हा फरक लहान आहे, आणि एकेकट्या ताऱ्याच्या मोजमापातील अनिश्चितता जवळपास तेवढीच असते. म्हणून पुष्कळ सुपरनोव्हांची एकत्रित साक्ष घ्यावी लागते. १९९८-९९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी ती दिली. प्रबळ अटीहून सौम्य असलेली ‘नल’ अट (घनता आणि दाब यांची बेरीज ऋण असू नये, एवढीच तिची मागणी) याच ताम्रसृतीला सुमारे १०५० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत मुभा देते. ती मर्यादा ओलांडली जात नाही.

येथे एक सावधगिरी मला फार महत्त्वाची वाटते. अंतर हे वाटेतील साऱ्या प्रसरणाचे संचित असते. त्यामुळे मर्यादा ओलांडली गेली, तर प्रकाशाच्या प्रवासात कधीतरी अट मोडली एवढेच सिद्ध होते. ती नेमकी केव्हा मोडली, हे एका अंतरावरून कळत नाही. प्रमाण प्रारूपात १ ताम्रसृतीच्या काळी प्रसरण मंदावतच होते आणि प्रबळ अट पाळली जात होती, तरीही त्या काळच्या सुपरनोव्हाचे अंतर मर्यादेबाहेरच येते, कारण नंतरच्या वेगवृद्धीचा वाटा त्यात मिसळलेला असतो. उलटपक्षी, एखादे अंतर मर्यादेच्या आत बसले, म्हणून अट सर्वकाळ पाळली गेली असाही निष्कर्ष काढता येत नाही; त्यासाठी प्रत्येक काळातील प्रसरणाचा दर स्वतंत्रपणे काढावा लागतो.