‘मानाचा’ म्हणजे नेमका कितवा?

तुम्ही विचारलंय की ‘मानाचा गणपती’ला ‘अग्रक्रमाचा गणपती’ म्हटलं तर काय बिघडलं. बिघडतं. अग्रक्रम आपण ठरवतो आणि गरज पडली की फिरवतो; रस्त्याआधी पाण्याला अग्रक्रम, पुढच्या वर्षी उलटं. मान असा कुणी मासिक बैठकीत ठरवत नाही, तो रीतीने चालत आलेला असतो.

पुण्याचंच बघा. मानाचे गणपती पाच: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. यातला गुरुजी तालमीचा उत्सव 1887 पासूनचा, म्हणजे कसब्याच्या सार्वजनिक उत्सवाच्याही आधीचा. तरी त्याचा मान तिसरा, कारण कसबा गणपती हे ग्रामदैवत आणि जोगेश्वरी ग्रामदेवता. म्हणजे ज्येष्ठता वेगळी, मान वेगळा. गर्दीचं म्हणाल तर दगडूशेठ या पाचांत नाहीच! (पुणेकराला हे सांगायला गेलात तर तासभर मोकळा ठेवा.)

मान मोठ्यालाच मिळतो असंही नाही. लग्नात कानपिळीचा मान नवरीच्या धाकट्या भावाचा. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात हा भाऊ जेमतेम सहा वर्षांचा होता. नवरदेव उंच, त्यामुळे पोराला खुर्चीवर उभं केलं. त्याने कान धरला तो पाकीट हातात पडेपर्यंत सोडलाच नाही. मांडवातल्या कुठल्याही आजोबांना ते काम करता आलं नसतं, वय कितीही असो. आषाढीला पंढरपुरात मुख्यमंत्र्यांसोबत महापूजेला बसणारं मानाचं वारकरी जोडपंही दर्शनरांगेतूनच निवडतात. रांगेत त्या वेळी पुढे कोण, एवढाच प्रश्न.

‘मानकरी’ हा शब्द मात्र हल्ली सैल झालाय. पूर्वी गावच्या जत्रेत, पोळ्याला ज्याचा हक्क ठरलेला तो मानकरी. आता बक्षीस मिळालं की ‘पुरस्काराचे मानकरी’. मला खटकतं, पण इतकं रुळलंय की चूक म्हणवत नाही. ‘मानाचा पुरस्कार’ म्हणजे प्रतिष्ठेचा, तिथे क्रमाचा संबंधच उरलेला नाही.

आणि लिंग सांभाळा. तो मान म्हणजे आदर, ती मान म्हणजे गळ्यामागची. ‘माझा मान गेला’ आणि ‘माझी मान गेली’ यात बराच फरक आहे.