रंगमंच-शंका : 'डिबुक'मधला मेलेला फिर्यादी

प्रश्न : आमच्या हौशी गटाला 'डिबुक' (जिवंत माणसाच्या अंगात शिरणारा मेलेल्याचा आत्मा) हे यिडिश नाटक मराठीत बसवायचं आहे. नवरीला भूत लागतं, म्हणून धूर, लाल दिवे आणि किंकाळ्या हव्यात असं काहींचं म्हणणं आहे. हा लेखक कोण? टेंभी नाक्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, कुणाला यिडिश येत असेल का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : धूर नको, किंकाळ्याही नकोत. एस. आन्स्की (१८६३-१९२०) यांनी ही गोष्ट भीती दाखवायला लिहिलेली नाही. १९१२ ते १९१४ या काळात ते आजच्या युक्रेनमधल्या व्होल्हिनिया-पोडोलिया भागातल्या ज्यू खेड्यांत हिंडले. म्हाताऱ्यांकडून कथा ऐकल्या, गाणी तेव्हाच्या ध्वनिमुद्रण यंत्राच्या मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतली. जन्मापासून मरणानंतरपर्यंतच्या समजुती विचारणारी २,०८७ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. नाटक त्या भटकंतीतून आलं. प्रयोग मात्र त्यांना पाहता आला नाही. ८ नोव्हेंबर १९२०ला ते गेले आणि तीस दिवसांचा शोक संपताच 'व्हिल्ना मंडळी' या यिडिश नाटक कंपनीनं वॉर्सात ९ डिसेंबरला पहिला प्रयोग केला.

माझ्या मते नाटकाचा प्राण खटल्याच्या प्रवेशात आहे. सेंडर आणि निसान या मित्रांनी मुलं जन्मायच्या आधीच सोयरीक ठरवलेली असते. पुढे सेंडर श्रीमंत होतो आणि आपल्या मुलीसाठी, लेआसाठी, पैशाचं स्थळ बघतो. निसानचा मुलगा खोनोन मरतो आणि लग्नाच्या दिवशी तिच्या अंगात शिरतो. तेव्हा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मेलेल्या निसानला फिर्यादी म्हणून बोलावतो, त्याला पडद्याआड जागा देतो आणि दोन्ही बाजू ऐकून घेतो. निकाल असा, की सेंडरनं अर्धी संपत्ती गरिबांना वाटावी आणि जन्मभर त्या बापलेकांसाठी कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची ज्यू प्रार्थना, म्हणावी. निसान काही 'आमेन' म्हणत नाही, म्हणजे माफ करत नाही. भूत खरं की खोटं, याची चर्चा तालमीत करूच नका. दिलेला शब्द मोडला आणि गरिबाचं पोर गेलं, हा राग प्रेक्षकाला पोचला पाहिजे. पडद्याला एक साधी पांढरी चादर पुरे, पण सेंडरचं काम करणारा नट तुमच्यातला सगळ्यात अनुभवी घ्या.

सिनेगॉगचं म्हणाल, तर यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली. आपल्या बेने इस्रायलींची, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यूंची, घरची भाषा मराठी. बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं करणारी ही मंडळी. तरी आधी परवानगी घेऊन जरूर जा. कद्दिश कशी म्हणतात, त्या वेळी कसं उभं राहतात, हे सेंडरच्या नटानं तिथेच शिकावं.