उबुंटूवर चालणारी इन्स्टॉल स्क्रिप्ट मॅकवर का अडते?
भाऊ, नागपूरच्या कॉलेज लॅबमधल्या उबुंटूवर बिनतक्रार चाललेली स्क्रिप्ट मिहानमधल्या ऑफिसच्या मॅकवर 'सेड'च्या (फाइलमधला मजकूर बदलणारी कमांड) ओळीवर अडते म्हणता, तर बहुतेक घोळ 'सेड -आय'चा, म्हणजे फाइल जागच्या जागी बदलायच्या पर्यायाचा आहे. मॅकच्या सेडला -आय नंतर बॅकअप फाइलच्या नावाला जोडायचं एक्स्टेंशन लागतंच. नाही दिलं तर तो तुमची बदलाची कमांडच एक्स्टेंशन समजतो आणि फाइलचं नाव कमांड म्हणून वाचायला जातो. '-आय.बॅक' असं मधे जागा न सोडता लिहा, दोन्हीकडे चालतं, मग '.बॅक' फाइल उडवा.

असोसिएटिव्ह अ‍ॅरेही (नावावरून किंमत शोधायच्या याद्या) टाळा, मॅकसोबतचं बॅश (स्क्रिप्ट चालवणारा शेल) ३.२च आहे, त्यात ते नाहीत. उलट बाजूने, म्हणजे मॅकवरची स्क्रिप्ट उबुंटूवर नेताना, पहिल्या ओळीत '/बिन/एसएच' लिहून आत दुहेरी चौकटी कंस नकोत. उबुंटूवर तिथे २००६ पासून डॅश हा साधा शेल बसलाय, त्याला ते कळत नाहीत. विंडोजवाल्यांना सरळ डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) सांगा, बॅच फाइलच्या नादी कशाला लागता!