वाचकांचे प्रश्न: ट्रायल्स सायकलचा ब्रेक

प्रश्न: ट्रायल्समध्ये (पाय न टेकवता अडथळ्यांवरून सायकल नेण्याचा खेळ) दगडावर मागच्या चाकावर उभं राहिलो की ब्रेक दाबूनही चाक घसरतं. हायड्रॉलिक रिम ब्रेक (तेलाच्या दाबानं पॅड रिमवर, म्हणजे चाकाच्या कड्यावर दाबणारा) आहे. पॅड बदलू का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: आधी रिम बघा. बाजू आरशासारखी चकचकीत झाली असेल, तर नवं पॅडही घसरेल. टायर-ट्यूब काढा, चाक हळू फिरवत अँगल ग्राइंडरची दगड घासायची डिस्क तिरकी धरून फक्त टेकवा. बारीक, दाट ओरखडे हवेत. दाबू नका, ॲल्युमिनियमची भिंत पातळ होऊन रिम फुटते. गॉगल हवाच! नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं रिम पुसा, पॅडचा चकाकता थर सँडपेपरनं घासा. पॅड रिमला सपाट, एकाच वेळी पूर्ण टेकलं पाहिजे. पकड अपुरी पडण्याची कारणं बहुधा इथंच सापडतात.

लिव्हर स्पंजासारखा दबत असेल तर आत हवा आहे, सिरिंजनं ब्लीड करा, म्हणजे ती हवा बाहेर काढा. ब्रेक मागुरा कंपनीचा एचएस ३३ असेल तर आत मिनरल ऑइलच भरा. डॉट फ्लुइडनं (मोटारींच्या ब्रेकमधलं द्रव) सील फुगतात.

खरखरीत रिमवर पॅड लवकर झिजतं, तो खर्च धरून चाला. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात त्या ओरखड्यांत भरते, म्हणून सरावाआधी रिम पुसाच.